सांडशी म्हणजे काय, हे डोक्यात कुठे असतं?

सांडशी म्हटलं की आपल्याला किती गोष्टी एकदम कळतात! ती दिसते कशी, बोटं कशी आवळायची, कशासाठी वापरायची आणि तिचं नाव. आपल्याला वाटतं, हे सगळं डोक्यात एकाच डब्यात भरलेलं असेल. तसं नसतं. वस्तूचं रूप ओळखायचं काम मेंदूच्या मागच्या आणि खालच्या भागात चालतं. ती वापरायची कशी, ते बहुतेकांच्या डाव्या बाजूला, जरा वरच्या अंगाला. कानशिलाच्या आतला भाग या सगळ्याची मोट बांधतो.

म्हणून मेंदूला इजा झाली तर सगळंच जातं असं नाही. एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी १९८४ साली मेंदूला सूज येऊन गेलेल्या चार रुग्णांबद्दल लिहिलं. त्यातल्या एकाला होकायंत्र म्हणजे काय ते नीट सांगता येई, पण पोपट म्हणजे काय ते सांगता येईना. वस्तू राहिल्या, पशुपक्षी पुसले गेले! ऐकायला नवल वाटतं. घरच्यांचं काय झालं असेल?

आपल्याकडे म्हातारी सासू लाटण्याकडे नुसती बघत बसली, की कुणी म्हणतं सोंग करते, कुणी म्हणतं बाहेरचं झालंय. अंगारे-धुपाऱ्यात महिने जातात. आम्ही म्हणतो, आधी नीट बघा. चष्मा, मोतीबिंदू तपासलाय का? नाव आठवत नाही, पण पोळी लाटते का? बघून कळत नाही, पण हातात दिल्यावर ओळखते का? की हातात घेऊनही काय करायचं ते सुचत नाही? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांना "विसरते" एवढंच सांगू नका, हे असं सांगा.

हे अचानक झालं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ ची गाडी बोलवा आणि सीटी स्कॅन होतो अशाच दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. सकाळपर्यंत थांबू नका.

हळूहळू होत असेल, तर वस्तूंच्या जागा बदलू नका. समोर एकावेळी एकच वस्तू ठेवा. डोळ्यांना कळेना तर हातात द्या. आणि फवारणीच्या औषधाची बाटली आजच कुलपात टाका, कारण तिला ती पाण्याचीच वाटू शकते.