डिस्कांची पेटी कशी निवडावी?

सह्याद्रीच्या पायथ्याशीं राहणाऱ्या महाड-पोलादपूरच्या माणसाला पाऊस म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेलें पाणी सावित्रीच्या वाटेनें पोलादपुरावरून खालीं येतें. महाडच्या परिसरांत गांधारी आणि काळ या नद्यांचें पाणी त्याला मिळतें. आणि नेमकी त्याच वेळीं खाडीला भरती असली, म्हणजे त्या लोंढ्याला पुढें जावयास वाट उरत नाहीं. 2021 सालच्या जुलै महिन्याच्या 22 तारखेस महाडमध्यें महापूर आला व घरें-दुकानें पाण्याखालीं गेलीं. त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून 80हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. जेथें जीव गेले तेथें वस्तूंची मोजदाद शोभत नाहीं. तथापि मागें राहिलेल्यांच्या दृष्टीनें एक गोष्ट खरी आहे. भांडीं पुन्हां घेतां येतात, भिंती पुन्हां रंगवितां येतात. परंतु दिवंगत आईचें छायाचित्र कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहीं.

पूर्वीं अशी चीजवस्तू पत्र्याच्या ट्रंकेंत असे, आणि मृगापूर्वीं ती ट्रंक माळ्यावर चढविली जाई. आतां लग्नकार्याचीं छायाचित्रें, जमिनीच्या कागदांच्या प्रती, मुलांचे दाखले, आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, हें सारें संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतें. एक डिस्क भरली कीं दुसरी येते, मग तिसरी. टेबलावर तारांचें जंजाळ होतें, आणि कोणत्या डिस्कवर काय आहे हें घरांत कोणालाच धड सांगतां येत नाहीं. अशा वेळीं अनेक डिस्का एकत्र ठेवणारी, एकाच तारेनें संगणकाला जोडली जाणारी पेटी घ्यावी, असा विचार मनांत येतो. बाजारांत तिला एन्क्लोजर म्हणतात.

1956 सालीं आयबीएम कंपनीनें पहिली हार्ड डिस्क बाहेर आणली, तेव्हां 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या मिळून केवळ 50 लक्ष अक्षरें मावत. आज तळहाताएवढी एक डिस्क त्याच्या लक्षावधीपट साठा करते. म्हणून प्रथम प्रश्न विचारावा तो हा, कीं घराला खण किती हवेत ? सामान्य कुटुंबास दोन पुरतात. छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्यास चार लागतील. आठ खणांची पेटी घेऊन सहा रिकामे ठेवणें म्हणजे दोन गुरांसाठीं आठ दावणींचा गोठा बांधणें होय.

दुसरा प्रश्न वेगाचा. येथें पैसा सर्वांत अधिक वायां जातो. फिरत्या चकतीची एक डिस्क सेकंदाला साधारण 150 ते 250 मेगाबाइट मजकूर देते. यूएसबीच्या 5 गिगाबिट जातीची जोडणी याहून पुष्कळ अधिक वाहून नेऊं शकते. मग एका वेळीं एकाच डिस्कशीं काम करणाऱ्यानें थंडरबोल्टसारख्या महाग जोडणीचा मोह कां धरावा ? पाटाचें पाणी जेवढें, तेवढाच बांध पुरे. वांचलेल्या पैशांत आणखी एक डिस्क घेतली तर ती अधिक उपयोगी पडेल.

तिसरा प्रश्न आवाजाचा. दोन खोल्यांचें घर, एका कोपऱ्यांत म्हातारें माणूस झोंपलेलें, दुसऱ्या कोपऱ्यांत दहावीचा विद्यार्थी. आषाढांत पत्र्यावर कोसळणाऱ्या सरींत कोणतीही पेटी मुकी वाटते. परंतु माघांतल्या निवांत रात्रीं तिची घरघर भिंतीपलीकडे जाते. हा आवाज तिघांचा असतो : पंख्याचा, चकतीच्या फिरण्याचा आणि पेटीच्या कंपाचा. लहान पंख्याला तेवढाच वारा घालण्यासाठीं अधिक वेगानें फिरावें लागतें व तो किरकिरतो. मोठा पंखा सावकाश फिरून तेंच काम करतो. म्हणून मोठा, आणि बिघडल्यास बदलतां येईल असा पंखा पाहावा. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्केपेक्षां 5400 फेऱ्यांची डिस्क सहसा शांत व थंड असते. कंपासाठीं पेटीखालीं रबराचा तुकडा ठेवला तरी बराच फरक पडतो. मात्र आवाज नको म्हणून पेटी कपाटांत कोंडूं नये. उष्णता हा डिस्कचा शत्रु आहे. दोन डिस्कांना ॲल्युमिनियमची बिनपंख्याची पेटी बहुधा चालते, कारण धातु उष्णता बाहेर टाकतो. चार डिस्कांना पंखा हवाच.

चौथी गोष्ट विजेची. साडेतीन इंची डिस्क सुरू होतांना क्षणभर 20 वॅटच्या आसपास वीज ओढते. चार डिस्का एकदम सुरू झाल्या तर दुबळा अडॅप्टर दम सोडतो. यास्तव डिस्का एकामागून एक सुरू करणारी पेटी बरी. पावसाळ्यांत वीज वारंवार जाते तेथें लहानसा यूपीएसही हवा. लिहितां लिहितां वीज गेली तर मजकूर बिघडतो.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अनेक पेट्यांवर ‘रेड’ची सोय असते. 1988 सालीं बर्कले येथील संशोधकांनीं ही कल्पना मांडली, तेव्हां त्या नांवांतच ‘स्वस्त डिस्का’ असा शब्द होता. एका प्रकारांत दोन डिस्कांवर तोच मजकूर उतरतो, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी काम देते. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते, आणि पुराचें पाणी दोन्हींना सारखेंच भिजवितें. शिवाय अशी पेटी नादुरुस्त झाल्यास डिस्का दुसऱ्या पेटींत वाचतां येतीलच असें नाहीं. घरगुती कामास प्रत्येक डिस्क स्वतंत्र दाखविणारी साधी पेटीच सोयीची. तींतली डिस्क काढून कोठेंही लावतां येते. खणही स्क्रू न काढतां उघडणारे असावेत. पाणी उंबऱ्याशीं आल्यावर पेचकस शोधावयास वेळ नसतो.

प्रती तीन असाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गांवीं असावी, हा जाणत्यांचा नियम आहे. कोंकणांत त्याची सोय आयतीच आहे. मुंबई-पुण्याचा चाकरमानी मे महिन्यांत घरीं येतो तेव्हां एक डिस्क त्याच्या हातीं द्यावी, गणपतीला येईल तेव्हां जुनी परत घेऊन नवी द्यावी. गांवांत राहिलेली पेटी जूनपूर्वीं वरच्या मजल्यावर न्यावी.

इतकें करूनही एखादी डिस्क भिजलीच, तर ती जोडून पाहण्याची घाई करूं नये. साधारण डिस्कला हवेसाठीं बारीक छिद्र असतें. त्यांतून पाणी व गाळ आंत जातो, आणि वीज दिली कीं चकत्यांवर कायमचे ओरखडे उमटतात. ती तशीच तज्ज्ञाकडे न्यावी.

पेटी स्वस्त असावी, शांत असावी, हें खरेंच; पण ती उचलून चार पायऱ्या वर नेणारा हात वेळेवर हालला पाहिजे. ट्रंक माळ्यावर चढविणाऱ्या आजीला हें ठाऊक होतें.