घरी बांधलेली होडी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला, की तो मजुरीचे दर आणि बोनस यांवर बोलणार असे धरून श्रोते येतात. मी आज होडीवर बोलणार आहे. मजुरीचा प्रश्न त्यातून सर्वस्वी सुटेल असे मात्र समजू नका.

सातारा आणि सांगली हे जिल्हे समुद्रापासून दूर, तेव्हा इथे होडीचे काय काम, असे कोणी विचारील. पण कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, वारणा, येरळा ही नावे आपण लहानपणी भूगोलात पाठ केली ती उगाच नव्हेत. वरच्या अंगाला धोम, कण्हेर, कोयना यांची धरणे झाली आणि डोंगरात मैलोगणती पाणी उभे राहिले. तापोळा-बामणोलीच्या माणसाला होडी ही चैन नाही, ती त्याची वाट आहे. खाली सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्या दिवसांत ज्या गल्ल्यांतून आपण सायकली चालवतो त्यांतून होड्या चालल्या, आणि त्या कमी पडल्या.

आयर्विन पूल १९२९ चा. त्याआधी पैलतीर गाठायचा तर नावेशिवाय गती नव्हती. पूल झाले ते चांगलेच झाले. पण पुलांमागून पुल झाले तसतसे उतार बंद पडले, नावाडी दुसऱ्या कामाला लागले आणि होडी बांधणारा सुतारही गेला. आपल्या आज्यांना वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून नदी उतरता येत असे. आज भोपळा कसा वाळवावा हेही सांगणारा भेटत नाही. पूर आला की गुऱ्हाळावरची काहील पाण्यात लोटतात. काहील तरते हे खरे, पण तिला पुढे नाही आणि मागे नाही. ओढ लागली की ती भोवऱ्यासारखी फिरते.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला काय झाले ते या सभेतल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. येरळा कृष्णेला मिळते तिथले ते गाव. पुरातून सुटका करून घेण्यासाठी लोक होडीत बसले, होडी उलटली आणि १७ जीव गेले. ती माणसे हौसेने बसली नव्हती. घरात पाणी शिरत होते आणि होडी थोडी होती. दोष कोणाचा हे ठरवायला मी उभा नाही. मी एक हिशेब मांडतो. तो चौथीच्या मुलालाही करता येतो आणि नदीकाठच्या प्रत्येक गावाला यायला हवा.

एक घनफूट पाणी सुमारे २८ किलो भरते. आपली सपाट तळाची होडी १२ फूट लांब धरा. तिचा पाण्याला टेकलेला भाग १० फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद, म्हणजे ३५ चौरस फूट. ती एक इंच बुडाली की तीन घनफुटांना थोडे कमी पाणी बाजूला सारते, म्हणजे सुमारे ८० किलो वजन पेलते. होडीचे स्वतःचे वजन तेवढेच, तेव्हा एक इंच तिचा. चार माणसे आणि जाळी मिळून ३२० किलो, त्याचे चार इंच. काठ १६ इंच उंच असेल तर ११ इंच पाण्यावर राहिले. आता त्याच होडीत १२ माणसे बसवा. हिशेब सांगतो की अजून पाच इंच शिल्लक आहेत, होडी तरते. पण हिशेबातली माणसे दगडासारखी स्थिर असतात. खरी माणसे भितात, उभी राहतात, एका अंगाला सरकतात, आणि सगळा काठ नव्हे, एकच कोपरा पाण्याखाली जातो. तेवढे पुरते. म्हणून पहिले काम, होडीच्या आतल्या बाजूला माणसांचा आकडा रंगाने मोठा लिहून ठेवावा आणि तो सरपंचालाही लागू असावा.

दुसरे काम, पुढच्या आणि मागच्या फळीखाली झाकणे पक्की केलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन जखडून बांधावेत. वीस लिटरचा कॅन वीस किलोच्या आसपास उचलून धरतो. होडी पाण्याने भरली तरी तळाला जात नाही, आणि धरायला काही राहते. अंगात तरंगजाकीट हवे ते वेगळेच.

आता मजुरीकडे येतो. धरणावर मासे धरणारा भोई किंवा कोळी पाहा. पुष्कळदा होडी दुसऱ्याची, जाळ्याचे तंगूस उधारीचे, आणि ज्याची उधारी त्यालाच मासा घालायचा. भाव कोण ठरवणार? ज्याने होडी दिली तो. गिरणीतल्या कामगाराला निदान साचा आपला नाही हे ठाऊक असते. इथे माणूस स्वतःला धंदेवाला समजतो आणि राबतो मात्र रोजंदारीवर. सहकारी संस्था यासाठीच निघाल्या. काही चांगल्या चालतात, काही कागदावर चालतात. पण होडी स्वतःची असली तर माणूस दुसऱ्या व्यापाऱ्याच्या दारी उभा राहू शकतो. एवढ्यासाठी मी या सुतारकामाच्या नादी लागलो.

ते काम वाटते तेवढे अवघड नाही. इंग्लंडमध्ये १९६३ साली डेली मिरर या वर्तमानपत्राने एक शिडाची छोटी होडी लोकांपुढे आणली. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल या दोघांनी तिची रचना अशी केली, की कापलेल्या प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांधे आतून-बाहेरून काचतंतूच्या पट्टीने चिकटवायचे. कारकून, कामगार, शाळामास्तर यांनी आपापल्या घरी ती बांधली. पुढे तशा ७०,००० हून अधिक होड्या झाल्या. आणि शिवणे ही काही साहेबाची युक्ती नव्हे. आपल्या किनाऱ्यावर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गलबते होत असत. अजिंठ्याच्या चित्रातले जहाज पाहून तसेच एक शिवलेले जहाज गोव्यात बांधले गेले आणि 'कौंडिण्य' या नावाने मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले.

आधी पुठ्ठ्याची होडी करा. एका फुटाला एक इंच हे प्रमाण. पुठ्ठा जिथे वाकत नाही तिथे फळीही वाकणार नाही, आणि पुठ्ठा फुकट मिळतो. मग आठ बाय चारच्या, सहा मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायच्या चार फळ्या आणा. तीवर आयएस ७१० चा शिक्का असतो. पण शिक्का मारायला रबर लागते, लाकूड नव्हे. त्या प्रमाणात ७२ तास उकळण्याची कसोटी आहे. दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी दिवसभर उकळत ठेवा. थर सुटले तर त्या दुकानाला नमस्कार करा.

कडेपासून अर्धा इंच आत, सहा-सहा इंचांवर भोके पाडावीत. तार जुन्या मोटारी भरणाऱ्याकडे वजनावर मिळते. पकडीने पीळ देत गेले की सपाट फळ्यांची होडी डोळ्यांदेखत उभी राहते. त्या वेळी घरची मंडळी बोलावून घ्यावी. मग इपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा कालवून सांधे आतून भरावेत, वर काचतंतूची पट्टी बसवावी, वाळल्यावर बाहेरच्या तारा कापून तिकडूनही तेच करावे. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात इपॉक्सी भांड्यात फार काळ टिकत नाही. ढीग असला की ते स्वतःच तापते आणि धूर सोडून दगड होते. थोडे कालवावे, पसरट ताटलीत ओतावे, सकाळी लवकर काम करावे.

आणि हातमोजे. हे मी चळवळीतला माणूस म्हणून सांगतो. इपॉक्सी कातडीला लागत गेले की एके दिवशी अंग त्याला सोसत नाही, खाज सुटते, आणि पुढे थेंबभरही चालत नाही. थिनरने हात धुणे तर त्याहून वाईट. कारखान्यात मालकाकडे मोजे मागायचे आणि घरच्या अंगणात स्वतः उघड्या हाताने काम करायचे, हे बरे नव्हे.

होडी झाली, आता ती नदीपर्यंत न्यायची कशी? ७५-८० किलो म्हणजे चौघांचे ओझे, पण मैलभर नेणे नको. दोन जुनी मोटारसायकलची चाके, एक आस आणि लोखंडी नळ्या घेऊन कोणताही वेल्डर ओढगाडी करून देईल. वजन कुठे ठेवावे हे बैलगाडीवाल्याला विचारा. मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलते. पुढे जास्त झाले की मानेवर येते. एकंदर वजनाचा दहावा हिस्सा पुढच्या टोकावर राहावा. हीच गाडी मोटारीमागे जोडून रस्त्यावर न्यायची असेल तर ती परिवहन कार्यालयात नोंदवावी लागते. हाताने ओढा, म्हणजे तो प्रश्न नाही. घाटावर पोचल्यावर लगेच चाके पाण्यात घालू नका. तापलेला तुंबा एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढून घेते. अर्धा तास थांबा, तेवढ्यात चहा होतो.

धरणात मासेमारीला परवाना लागतो, तो काढावा. देशांतर्गत जलवाहतुकीचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा नवा आला आहे, आणि भाड्याने माणसे नेणे हा वेगळाच प्रकार आहे. घरच्या होडीने तो कधी करू नये. शिवाय वळवाच्या दिवसांत दुपारी पाण्यावर थांबू नये. २१ मे २०२४ ला उजनीत कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान जाणारी होडी वादळी वाऱ्यात बुडाली आणि सहा माणसे गेली.

एरवी होडी सावलीत, पालथी, दोन ओंडक्यांवर ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळतो. आषाढाआधी एकदा सांधे बोटाने तपासावेत. पुठ्ठ्याचा नमुना मी टेबलावर ठेवला आहे. मोजमापे त्याच्या तळाला लिहिली आहेत. ज्यांना उतरवून घ्यायची असतील त्यांनी घ्यावीत, पण नमुना इथेच राहू द्यावा, उद्या तो दुसऱ्या गावी न्यायचा आहे.