स्वयंचलित गिअरबॉक्स : उघडण्यापूर्वीची तपासणी



डाव्या पायाला काम न ठेवणारी मोटार ही एके काळी परदेशातील चैन समजली जात असे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली ‘हायड्रा-मॅटिक’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी पुढे आणला. आपल्याकडे ही सोय सामान्य माणसाच्या दारी आली ती मात्र मोटारीतून नव्हे, तर १९८४ सालच्या कायनेटिक होंडा स्कूटरवरून. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमुळे ती बेताच्या किमतीच्या मोटारीतही आली. आज शिक्षकाच्या अंगणात आणि भाड्याच्या ताफ्यातही अशी गाडी दिसते.

गाडी बिघडली की मात्र धनी गांगरतो. क्लचचे पेडलच नसल्याने पायाला ओळखीची अशी खूण उरत नाही. आणि ‘गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल’ हे वाक्य गॅरेजमध्ये कानी पडले की पोटात गोळा येतो. वस्तुतः गिअरबॉक्स उतरवणे हे तपासणीतील अखेरचे काम होय. तेच पहिले केले गेले, तर गाडीवर पोट असलेल्याचा हंगाम बुडतो आणि दोष कित्येकदा दुसरीकडेच निघतो.

एक साधे उदाहरण घ्यावे. दांडा ‘पी’मधून हलतच नाही. अशा वेळी कोणास तरी गाडीमागे उभे करून ब्रेक दाबावा आणि मागचे लाल दिवे लागतात का, ते पाहावे. बहुतेक गाड्यांत ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्याखेरीज दांडा सुटत नाही. ही खबर देणारा ब्रेकचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेला असेल, तर दिवेही लागत नाहीत आणि दांडाही अडतो. दुरुस्ती क्षुल्लक, पण दिव्यांकडे न पाहता दांड्याशी झटापट करणारेच फार.

यानंतर गाडी कोणत्या जातीची आहे, हे माहितीपुस्तिकेतून निश्चित करावे. ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली निरनिराळी यंत्रे नांदतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाची शक्ती ऑईलच्या द्वारे पुढे जाते. सीव्हीटीमध्ये दोन पुलींवरून पट्टा फिरतो. एएमटीमध्ये नेहमीचाच गिअरबॉक्स व क्लच असून पायाचे व हाताचे काम यंत्र करते. दोन क्लचांची डीसीटी तूर्त बाजूला ठेवू. तिची तपासणी अधिकृत केंद्रातच व्हावी.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत पहिला साक्षीदार म्हणजे ऑईल. डिपस्टिक असल्यास गाडी सपाट जागी, गरम आणि पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत ठेवून पातळी पाहावी. हे ऑईल बहुधा लाल व पारदर्शक असते. ते काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल, तर आतील क्लचप्लेट जळू लागल्या असे समजावे. ते गुलाबी दुधासारखे दिसले, तर पाणी शिरले आहे. ते पुराचे असेल किंवा रेडिएटरमधून झिरपले असेल. अशी गाडी पुढे चालवू नये. हे ऑईल इंजिनच्या ऑईलप्रमाणे जळून सरत नाही. सबब पातळी उतरली असेल, तर कोठे तरी गळती आहेच. नुसती भर घालून समाधान मानणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आणि सीव्हीटीत तर तिच्यासाठी नेमलेलेच ऑईल हवे. ‘सगळी सारखीच’ म्हणणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नये.

‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी बराच वेळ विचार करते, अथवा इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, या लक्षणांतही प्रथम ऑईलची पातळीच पाहावी. एकसारख्या वेगात, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अलगद स्पर्श करावा. त्यासरशी थरथर थांबली, तर संशय कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लचवर जातो. न थांबल्यास इंजिनाचे प्लग व कॉईल आधी पाहावे.

कधी गाडी एकाच गिअरमध्ये अडकून मंद चालते. हा तिचा स्वसंरक्षणाचा उपाय आहे. अशा वेळी बॅटरी व तिच्या तारा तपासाव्या, कारण कमी दाबामुळे संगणक खोट्या तक्रारी नोंदवतो. त्यानंतर स्कॅनर लावावा. ‘पी ०७००’ हा क्रमांक दिसला म्हणजे गिअरबॉक्स गेला असा अर्थ नव्हे. गिअरबॉक्सच्या संगणकात आणखी नोंद आहे, ती वाचा, एवढाच त्याचा अर्थ. नोंदी लिहून घेतल्यावाचून कोणासही त्या पुसू देऊ नयेत.

एएमटीची गाडी झटके देऊ लागली, तर क्लच झिजला असणे संभवते. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय त्यास कारण होते. हँडब्रेक त्यासाठीच आहे. स्कूटरचे निदान अधिक सोपे. सुटताना थरथर झाली, तर क्लचचे शू पाहावे. इंजिन फिरूनही वेग येत नसेल, तर पट्टा व रोलर.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना इंधन वाचवण्यासाठी ‘एन’ टाकणारे चालक आढळतात. त्यामुळे इंजिनाचा आवर नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. घाटात खालचा गिअर ठेवावा.

गाडी वाटेत बंदच पडली, तर धक्का मारून ती सुरू होणार नाही. दोरी बांधून फरफटत नेऊही नये. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ऑईल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरती राहिली, तर आतील भाग कोरडे घासतात. पुढची चाके ओढणारी गाडी असेल, तर ती चाके उचलून, अन्यथा संपूर्ण गाडी ट्रकवर चढवून न्यावी. गॅरेजमध्ये देताना लक्षण थंड गाडीत दिसले की गरम, कोणत्या वेगात, कोणत्या चढावर आणि दिवा कधी लागला, हे कागदावर लिहून द्यावे.