दुखत नव्हते म्हणून

(चिंचवड येथील महिला मेळाव्यात आमच्या आरोग्य सेविका भगिनींनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्री आपल्या सर्वांना माहीत आहे. बारा वर्षांचे दुखणे, पुष्कळ वैद्य झाले, होते नव्हते ते खर्चून झाले. आपण तिच्या विश्वासाबद्दल बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण मी नर्स आहे, त्यामुळे माझे लक्ष दुसरीकडे जाते. ती समोरून आली नाही. गर्दीत मागून आली. तिचे दुखणे चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते.

आज मला स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलायला सांगितले आहे. हा शब्द ऐकून मागच्या रांगेतील काही बंधू चुळबुळले, ते मी पाहिले. बसा, तुमचेही काम आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील एका ठाकरवाडीतील बाई. आधारकार्डावर वय 44. रोज कंपनीच्या गाडीने चाकणला हाऊसकीपिंगच्या कामाला जायची, ठेकेदाराकडे. आमच्या शिबिरात ती एकदा नव्हे, दोनदा येऊन गेली होती. आम्ही तिचे वजन केले, रक्तदाब घेतला, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. टेबल समाजमंदिराच्या ओट्यावर, डॉक्टर पुरुष, आडपडदा नाही, पाठीमागे पंचवीस माणसे रांगेत. तिला जे सांगायचे होते ते तिथे कोण सांगेल? तिसऱ्या वेळी मी नळावर हात धूत होते तेव्हा ती जवळ आली आणि म्हणाली, “सिस्टर, एक दाखवायचं होतं.” घरात नेऊन पाहिले. गाठ कोंबडीच्या अंड्याएवढी, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत, काखेतही एक गाठ. किती दिवस झाले विचारले, तर दीड वर्ष. पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा चिंचोक्याएवढी होती. मी जरा रागावूनच विचारले, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, “दुखत नव्हतं ना.”

दीड वर्षात दोनदा ती आमच्यासमोर उभी होती. तो राग मला स्वतःवर काढायला हवा होता, तिच्यावर नव्हे. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक शिबिरात दोन साड्यांचा आडोसा असतो आणि त्याच्या आत एक बाई बसते, पुरुष नाही. वेल्लोरच्या आयडा स्कडर यांची गोष्ट तुम्ही संडेस्कूलमध्ये ऐकली असेल. पुरुष डॉक्टरला बायकोजवळ येऊ द्यायचे नाही, म्हणून एका रात्रीत तीन घरांतील तीन तरुण स्त्रिया बाळंतपणात गेल्या आणि त्यातून ती मुलगी पुढे डॉक्टर झाली. शंभराहून अधिक वर्षे झाली त्याला. गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती, पण साड्या बांधायचे सुचले नव्हते.

तर पहिली गोष्ट हीच. स्तनातील कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. उलट दुखणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची असते असेही नाही, बहुतेक गाठी साध्याच निघतात. पाहायचे ते एवढे: नवी गाठ, स्तनावर किंवा काखेत, कातडीला खळी पडणे किंवा ती जाड होणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून आपोआप रक्त किंवा पाणी येणे, दोन्हींच्या आकारात नव्याने पडलेला फरक. यातले काही आढळले तर पुढच्या महिन्यात नाही, त्याच आठवड्यात दाखवायचे.

भारतात 2022 मध्ये सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाल्याचा आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने गेल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये हाच कॅन्सर आता सर्वांत जास्त आढळतो. आणि तपासणी? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांना विचारले, कधी स्तनांची तपासणी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या देशभरात 0.9 टक्के. शंभरात पुरती एकही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मॅमोग्राफीची गाडी आणू या. मला हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि देणगीदारांना यंत्र द्यायला आवडते, त्यावर नाव घालता येते. रागावू नका. मॅमोग्राफी चांगली आहे, विशेषतः पन्नाशीनंतर. तरुण स्त्रियांच्या स्तनांची घडण दाट असते, त्यात गाठ लपते, तिथे सोनोग्राफीची मदत लागते. पण यंत्राबरोबर तंत्रज्ञ, फोटो वाचणारा डॉक्टर आणि पुढच्या उपचाराची सोय लागते. भोरगिरीच्या रस्त्यावर ते सगळे घेऊन जाणे सोपे नाही.

यावर आपल्याच राज्यात मोठे काम झाले आहे. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलने, डॉ. इंद्रनील मित्र यांच्या पुढाकाराने, 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. वय 35 ते 64. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत, अशा चार फेऱ्या. मॅमोग्राफी नाही, डॉक्टरही नाही, फक्त शिकवलेला हात. उरलेल्या वस्त्यांत केवळ माहिती दिली. वीस वर्षांनी, 2021 मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीच्या वस्त्यांत पुढच्या टप्प्यावर सापडलेल्या रुग्ण 37 टक्के, दुसरीकडे 47 टक्के. पन्नास व त्यापुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू कमी झाल्याचे मात्र दिसले नाही, तेही सांगितले पाहिजे. औषध म्हणून अर्धेच सत्य देऊ नये.

असेच दुसरे एक अर्धे सत्य. आरशासमोर उभे राहून महिन्यातून एकदा स्वतःची तपासणी करा, हे आम्हीही वर्षानुवर्षे शिकवले, तक्ते लावून. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतील अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर याची परीक्षा झाली. आपल्या चाकणसारखाच पट्टा म्हणा. अर्ध्या जणींना स्वतः तपासायला नीट शिकवले, आठवण देत राहिले. दहा वर्षांनी पाहिले तर दोन्ही गटांत मृत्यू सारखेच. साध्या गाठींच्या तपासण्या मात्र वाढल्या. म्हणून आता आम्ही तक्ता काढून टाकला आहे. आंघोळ करताना आपले अंग कसे आहे याची ओळख ठेवा, बदल वाटला तर उशीर करू नका आणि तिशीनंतर शिकलेल्या हाताकडून तपासून घ्या. सरकारी कार्यक्रमातही 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी करायची आहे. आशाताईंकडे त्याचा फॉर्म असतो. फॉर्म भरला म्हणजे तपासणी झाली, असे नाही. विचारा.

गाठ सापडली की पुढे काय? हाताने तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईने तुकडा काढून तपासायला पाठवणे. इथे अर्ध्या बायका पळतात. सुई लावली की गाठ पसरते, हे मी वस्तीवरही ऐकले आहे आणि या चर्चच्या आवारातही. भगिनींनो, तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरत नाही. तपासल्यावाचून कोणता उपचार लागू पडेल ते कळत नाही, कारण स्तनाचा कॅन्सर हा एकच आजार नाही. काहींत गाठ शरीरातील हार्मोनवर वाढते. तिथे शस्त्रक्रियेनंतर पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घेतात. टॅमॉक्सिफेन हे त्यातले जुने औषध, स्वस्त. काहींत हर-टू नावाचे प्रथिन जास्त असते, त्यासाठी वेगळे इंजेक्शन आहे, ते महाग. काहींत यांपैकी काहीच लागू होत नाही, तिथे मुख्य भिस्त केमोवर.

शस्त्रक्रियेबद्दल सगळ्यात मोठी भीती म्हणजे पूर्ण स्तन काढतील. गाठ लहान असेल तर केवळ गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार, ज्याला आपल्या बायका शेक म्हणतात, ते देता येतात. इटलीत आणि अमेरिकेत अशा रुग्णांना वीस वर्षे पाहिले. पूर्ण स्तन काढलेल्या आणि गाठच काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. हा निवडीचा हक्क गाठ लहान असताना मिळतो. आमच्या बाईला तो मिळाला नाही. तिला आधी केमो देऊन गाठ आटवावी लागली, मग पूर्ण स्तन काढला, मग शेक. शेकाच्या पूर्वी पाच-पाच आठवडे फेऱ्या असत, आता पुष्कळ जणींना तीन आठवडे पुरतात. हातावर पोट असलेल्या बाईला दोन आठवडे म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी देशातील 11 केंद्रांत सुमारे 1,600 स्त्रियांवर एक प्रयोग केला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन. तेच, जे दात काढताना देतात. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 86 वरून 90 टक्क्यांवर गेले. 2023 मध्ये हे छापून आले. खर्च अगदी किरकोळ.

आता पैसे. बाईने दुसऱ्या केमोनंतर जाणे सोडले. केस गेले होते, ओकाऱ्या होत होत्या, पण खरे कारण ते नव्हते. खाडे झाले म्हणून ठेकेदाराने नाव कमी केले होते. आम्ही तिची पगाराची चिठ्ठी पाहिली तर दर महिन्याला ई.एस.आय.ची कपात होत होती. तिला वाटत होते ती पी.एफ.ची. हे कृपा करून लक्षात ठेवा, कारण तुमच्या शेजारी, तुमच्या कंपनीत अशा शेकडो जणी आहेत. पगार 21 हजारांपर्यंत असेल आणि ई.एस.आय. कापला जात असेल तर उपचाराचा हक्क आहे. चिंचवडला मोहननगरमध्ये त्यांचे रुग्णालय आहे. कॅन्सरसारख्या लांब आजारात, सलग दोन वर्षे विम्याची नोकरी आणि त्यात किमान 156 दिवसांची वर्गणी असेल, तर पगाराच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक तोच राहतो. नवा ठेकेदार नवा क्रमांक काढून देतो आणि जुनी वर्षे हवेत जातात, म्हणून जुना क्रमांक लिहून ठेवायला सांगा. तुमच्यातील जे बंधू कंपनीत सुपरवायझर आहेत, एच.आर.मध्ये आहेत, त्यांच्यासाठी मघाशी म्हटले, बसा.

ज्यांना ई.एस.आय. नाही त्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. शस्त्रक्रिया, केमो, शेक त्यात येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटायचे, पैसे भरल्यानंतर नाही. पण कागद लागतात. ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबांकडे बहुधा रेशनकार्ड असते. वीटभट्टीवर फिरणाऱ्या कातकरी कुटुंबांकडे पुष्कळदा नसते, किंवा असते ते रायगड जिल्ह्यातले, आजोबांच्या नावाचे. गाठ सापडल्यावर कार्ड काढायला निघालो तर गाठ थांबत नाही. म्हणून गेल्या वर्षापासून आमच्या गाडीत रक्तदाबाच्या यंत्राशेजारी रेशनकार्डाचे आणि जातीच्या दाखल्याचे अर्ज असतात. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या फेऱ्या आम्ही मारतो.

प्रार्थनेबद्दल विचारतात. प्रार्थना करा, मीही करते. परंतु बरे होण्यासाठी प्रार्थना चालू आहे म्हणून तुकडा तपासायचा थांबवणे, किंवा साक्ष देण्याच्या घाईत गोळ्या बंद करणे, असे आपल्या मंडळ्यांत घडते. कृपा करून तसे कोणाला सुचवू नका.

आमची बाई? तिची जाऊ प्रत्येक केमोला तिच्याबरोबर आली. दर एकवीस दिवसांनी, पहाटेच्या एस.टी.ने. शेकाच्या तीन आठवड्यांत रोजचे जाणे-येणे अशक्य होते, तेव्हा आपल्याच मंडळीतील एका भगिनीने पिंपरीत मागची खोली दिली. ती आता गोळी घेते आहे, दर सहा महिन्यांनी दाखवते. डाव्या हाताला सूज येते, त्याचे व्यायाम करते, जड घागर उचलत नाही. ती सून उचलते. आजार परत येणार नाही असे मी तुम्हाला सांगू शकत नाही, तिलाही सांगितलेले नाही. गेल्या शिबिरात ती साडीच्या आडोशाबाहेर बसली होती. आत जायला लाजणाऱ्या बायकांना स्वतःच बोलावत होती, माझ्यापेक्षा जास्त आवाजात.

आम्हाला यंत्र नको आहे. खोल्या हव्या आहेत, तीन आठवड्यांसाठी, रुग्णालयापासून चालत जाता येईल अशा. बरोबर जाणारी माणसे हवी आहेत, कारण एकटी बाई केस-पेपरच्या खिडकीवरूनच परत येते. आणि पुढच्या महिन्याच्या फेरीला गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. आडोशाच्या आत बसू शकतील अशा दोन भगिनी हव्यात. तपासायला आम्ही शिकवू. सभा संपल्यावर मी दारापाशी वही घेऊन उभी आहे.