येळवशीची सकाळ आणि जुनी व्हॅन



मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आपली येळवस. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या काही भागात गावं ओस पडतात, शिवारं भरतात. भज्जीचं पातेलं, आंबिलीचं बिंदगं, उंडे, खिचडा, पोरंबाळं, म्हातारी माणसं असं सगळं सकाळी गाडीत चढतं. आणि नेमकी तीच सकाळ जुनी व्हॅन रुसायला निवडते. सेल्फ मारला की घर्र, घर्र, मग नुसतं टक्. शेजारी येतात, धक्का मारतात, आणि प्रत्येक जण एकच निदान सांगतो: थंडी लई पडलीय.

आज बोलायचंय ते कार्ब्युरेटरच्या गाडीबद्दल. भाजीपाला किंवा दुधाचे कॅन वाहणारी जुनी मारुती ओम्नी, मागं हौदा असलेली पेट्रोल जीप, अशा गाड्या अजून आपल्याकडं कामावर आहेत. नव्या गाडीत किती पेट्रोल सोडायचं ते कंप्युटर ठरवतो. जुन्या गाडीत ते चोक ओढणाऱ्या हातावर असतं.

थंडीला मी आरोपातून थोडं सोडवणार आहे. बालाघाटाच्या माथ्यावर, उदगीरकडं, किंवा खाली गोदाकाठी, पारा दहाच्या खाली गेला की आपण कुडकुडतो. पण इंजिनाच्या हिशेबानं ही थंडी किरकोळ आहे. मारुतीच्याच कार्ब्युरेटरवाल्या जिप्सी लष्करानं काश्मीर-लडाखात चालवल्या. धडधाकट इंजिन दहा अंशाला सुरू व्हायलाच पाहिजे. होत नसेल तर काहीतरी आधीच बिघडलेलं आहे, थंडीनं फक्त ते उघडं पाडलं.

पहिली बॅटरी. आपल्याकडं बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं मात्र डिसेंबरात. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेटा उघड्या पडतात आणि त्यांची ताकद कायमची जाते. मात्र गरम इंजिन पातळ ऑईलमुळं हलकं फिरतं, म्हणून ती अधू बॅटरीही उन्हाळाभर निभावून नेते. थंडीत ऑईल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि थंड बॅटरी नेमका कमी जोर देते. धूर कमी व्हावा म्हणून कुणी गरजेपेक्षा जाड ऑईल भरलेलं असेल तर विचारायलाच नको. बॅटरीला मीटर लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत साडेबारा व्होल्टच्या वर असेल तर ठीक. बारा-सव्वाबारा असेल तर ती अर्धी किंवा त्याहूनही जास्त रिकामी आहे. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्याही खाली गेला तर तिच्याकडून फार आशा नको. आणि यात एक गंमत आहे: इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी चांगली, असं नाही. सगळा करंट सेल्फनं ओढून घेतला की कॉईलला उरलंसुरलं मिळतं, प्लगवरची ठिणगी फिकी पडते आणि गाडी नुसती फिरत राहते. नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यानं धुऊन, घासून, आवळून बघा. अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथं बसते तिथला गंजही काढा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

मग चोक. थंड पेट्रोलची वाफ कमी होते. कार्ब्युरेटरमधून थेंब निघतात, ते थंड नळीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि सिलिंडरात नुसती हवा पोचते. चोक ओढला की वरची झडप हवेची वाट अडवते, त्यामुळं पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि त्यातल्या हलक्या भागाची का होईना, पेट घेण्याइतकी वाफ होते. आता मुद्द्याची गोष्ट. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचला, एअर फिल्टर काढा आणि कुणालातरी चोक ओढायला सांगा. ती झडप पूर्ण मिटते का, डोळ्यांनी बघा. बऱ्याच गाड्यांत ती अर्ध्यावरच थांबते. केबल गंजलेली असते, किंवा तिचा स्क्रू ढिला होऊन केबल सरकलेली असते. मालक मात्र मूठ पूर्ण ओढल्याच्या समाधानात असतो.

आता तिसरी खूण प्लगची. पाच-सहा सेल्फ मारून गाडी लागली नाही, तर थांबा आणि एक प्लग खोला. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल वर येत नाही: पंप, फिल्टर किंवा फ्लोटकडं जा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल येतंय, करंट नाही, किंवा चोक ओढून ओढून तुम्हीच गाडी ओव्हर केलीय. ओव्हर झाली असेल तर चोक आत ढकला, अ‍ॅक्सिलेटर तळाला दाबून धरा आणि पाचेक सेकंद सेल्फ मारा. हवा शिरते आणि साठलेलं पेट्रोल निघून जातं. अ‍ॅक्सिलेटर पंपासारखा दाबत बसू नका, प्रत्येक दाबीला आणखी पिचकारी उडते. दोन सेल्फच्या मध्ये सेल्फला आणि बॅटरीला थोडा दम खाऊ द्या. करंटचं म्हणाल तर पॉइंटचा गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर असतो. पॉइंट जळून खड्डा पडला की तो गॅप मोजण्यात अर्थ राहत नाही, सरळ बदला. गोदाकाठच्या धुक्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या आत घाम येतो. ते काढून कोरड्या फडक्यानं पुसलं तरी कधी कधी पहिल्याच सेल्फला गाडी लागते.

आता एक नवं कारण आलंय. 2025 पासून पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक सगळीकडं वीस टक्के इथेनॉलचं आहे. मांजरा पट्ट्यातल्या उसाचं म्हणाल तर त्याचं इथेनॉलही शेवटी कुणाच्या तरी टाकीतच जातं, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं पाडलेले, त्यामुळं मिश्रण आधीच पातळ होतं. ब्राझीलमध्ये 1979 साली फियाट 147 ही निव्वळ अल्कोहोलवर चालणारी गाडी आली, तेव्हा थंड सकाळसाठी तिथल्या अशा गाड्यांत पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवावी लागायची. आपली अवस्था इतकी नाही. ऐंशी टक्के पेट्रोल आहे, गाडी लागते. पण इथेनॉल पाणी धरून ठेवतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली, टाकी अर्धी रिकामी असली, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसू शकतात, आणि पंप नेमका तळातून ओढतो. म्हणून उभ्या गाडीची टाकी भरलेली ठेवा, आणि जुन्या रबरी नळ्या फुगल्या-मऊ पडल्या आहेत का, हाताने दाबून बघा.

गॅसकिटवाल्या व्हॅनचं दुखणं निराळं. गॅसचा व्हेपोरायझर इंजिनाच्या गरम पाण्यावर तापतो. सकाळी ते पाणीच थंड. म्हणून सकाळी पेट्रोलवर सुरू करा, गाडी गरम झाली की गॅसवर घ्या. पण वर्ष-वर्ष पेट्रोल न वापरल्यानं कार्ब्युरेटरात गोंदासारखा थर बसतो, फ्लोट चिकटतो आणि पेट्रोलवर गाडी लागतच नाही. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. घरातला लाल सिलिंडर गाडीला लावणाऱ्यांना मी सल्ला देत नाही. ते बेकायदा आहे आणि त्यात जीव जातात.

दोन गोष्टी मात्र बिलकुल करू नका. कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका, उलटी ज्वाला आली की हात आणि चेहरा दोन्ही जातात. आणि गाडी गरम व्हायला दार लावलेल्या शेडमध्ये चालू ठेवू नका, त्या धुरातला विषारी वायू ना दिसतो ना वासानं कळतो. गाडी आधी अंगणात काढा, चोक अर्धा आत करा, दोन मिनिटं चालू द्या, आणि मग बिंदगं चढवा.