समुद्रातील कोलाहल

समुद्राच्या पोटात अथांग शांतता नांदते, अशी किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांची समजूत असते. वास्तविक ते ध्वनीचेच जग आहे. सूर्यप्रकाश पाण्यात फार तर दोनशे मीटरपर्यंत उपयोगी पडतो. गढूळ किनारी पाण्यात चार हातांवरचेही दिसत नाही. ध्वनी मात्र हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, तोच पाण्यात सुमारे १५०० मीटर. त्यामुळे भक्ष्य शोधणे, शत्रूची चाहूल घेणे, जोडीदाराला साद घालणे ही कामे असंख्य जलचरांनी श्रवणावर सोपवली आहेत. माशाला बाहेरून कान दिसत नाही, एवढ्यावरून त्याला बहिरा ठरवणे चुकीचे आहे. त्याच्या कवटीत कर्णखडे असतात आणि अंगावरील पार्श्वरेषा पाण्याची सूक्ष्म थरथरही टिपते.

सभागृहातील कोकणवासीयांना घोळ आणि ढोमी हे मासे ताटातले म्हणून परिचित असतील. या कुळातील मासे पोटातील हवेच्या पिशवीवर स्नायूंचे आघात करून ढोलासारखा आवाज काढतात. इंग्रजीत या कुळाला ‘ड्रम’ असेच नाव पडले आहे. विणीच्या दिवसांत नर मादीला साद घालतो ती याच ढोलाने. बाजारात घोळीला जो चढा भाव येतो, तोही याच पिशवीमुळे, हा एक योगायोग!

या जगात गेल्या दीड शतकात यंत्र शिरले. जहाजाचा पंखा वेगाने फिरू लागला की त्याच्या पात्यांवर असंख्य बुडबुडे निर्माण होऊन फुटतात. त्यांतून निघणारी खोल, सलग घरघर शेकडो किलोमीटर जाते. देवमासे ज्या खालच्या पट्टीत एकमेकांना हाक देतात, नेमकी तीच पट्टी ही घरघर व्यापते. अर्थात, देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे. परंतु गोंगाटाचा जाच दोघांनाही सारखाच.

हा जाच खरोखर किती, याचा पुरावा एका भीषण घटनेतून हाती आला. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवादी हल्ले झाले आणि पुढचे काही दिवस जहाजांची वर्दळ एकाएकी रोडावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात त्या सुमारास ‘राइट व्हेल’ या दुर्मीळ देवमाशांचा अभ्यास चालू होता. समुद्रावर तरंगणारी त्यांची विष्ठा गोळा करण्याचे ते काम होते. विज्ञानाच्या अशा वाटा बाहेरच्यांना हास्यास्पद वाटतात. पण त्या विष्ठेत शरीरावरील ताणाची नोंद असते. त्या दिवसांत पाण्यातील आवाज ६ डेसिबलने उतरला, म्हणजे ध्वनीची तीव्रता सुमारे एक चतुर्थांशावर आली, आणि देवमाशांच्या शरीरातील तणावसंप्रेरकेही घटली. पुढील वर्षांत, वर्दळ पूर्ववत असताना, तशी घट आढळली नाही. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेल सांडले तर किनारा वर्षानुवर्षे धुवावा लागतो. गोंगाटाचे तसे नाही. तो थांबवला की त्याच क्षणी पाणी स्वच्छ होते. हे एवढे सोपे असताना तो चालू ठेवला जातो, याची खंत वाटावयास हवी.

तेलसाठ्यांच्या शोधासाठी एअरगनचे बार उडवले जातात, त्यांचा फटका तर थेट मच्छीमाराच्या जाळ्याला बसतो. नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात १९९२ साली असे बार उडवून पाहण्यात आले. बार उडालेल्या क्षेत्रात ट्रॉलरला मिळणारी कॉड आणि हॅडॉक माशांची पकड सुमारे ७० टक्क्यांनी घसरली. आजूबाजूच्या विस्तीर्ण पट्ट्यातही ती निम्म्यावर आली. बार थांबून पाच दिवस लोटले तरी मासे परतले नव्हते. टास्मानियाजवळील एका प्रयोगात तर एअरगनमुळे १.२ किलोमीटर अंतरापर्यंतचे सूक्ष्म प्राणिप्लवक मेल्याचे २०१७ मध्ये नोंदवले गेले. माशांची पिल्ले जगतात ती याच प्लवकांवर.

अरबी समुद्र यापासून दूर नाही. येथील कुबड्या देवमाशांची जमात इतर महासागरांतील भाऊबंदांप्रमाणे स्थलांतर करीत नाही. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराहूनही कमी असावी असा अंदाज आहे. त्यांतील लुबान नावाची एक मादी २०१७ मध्ये समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यालगत आली होती. ज्या मार्गाने ती आली, त्याच पाण्यातून मुंबई आणि न्हावाशेव्याकडे येणारी मालवाहू जहाजे जातात.

बंदरे नकोत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि देशाच्या व्यापाराला त्याची गरज आहे. प्रश्न बांधण्याच्या रीतीचा आहे. जर्मनीत समुद्रात खांब ठोकताना ७५० मीटर अंतरावरील आवाजाला कायद्याची मर्यादा आहे. ती पाळण्यासाठी खांबाभोवती तळावरून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. कॅनडातील व्हँकूवर बंदर २०१७ पासून कमी आवाजाच्या जहाजांना शुल्कात सवलत देते. आपल्याकडे माशांच्या विणीसाठी जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि कोळी बांधव पदरमोड सोसून ती पाळतात. त्याच दोन महिन्यांत पाण्यातील खांबठोकणी आणि एअरगनचे बारही बंद राहावेत, एवढी अट बंदर आणि तेलक्षेत्राच्या परवान्यांत घालणे मुळीच अवघड नाही.