इवली पवनचक्की



हौशी मंडळी आगगाडीचा छोटा देखावा मांडतात, त्यात अमेरिकन शेतावरची फिरती पवनचक्की हवीच. पण ती करण्यापूर्वी, आम्ही म्हणतो, खरी चक्की ओळखावी. १८५४ साली डॅनियल हॅलडे यांनी ती कनेक्टिकटमध्ये घडवली. शेतावरच्या गुरांना तिने पाणी दिले, तसेच वाफेच्या इंजिनांनाही. वारा अतोनात वाढला की तिची पाती आपण होऊन कलत, म्हणून ती मोडत नसे. खरी करामत हीच.

१ : ८७ या प्रमाणात ८ फुटी चाक जेमतेम २८ मिलिमीटरचे होते. खोलीत वारा नाही. म्हणून फळीखाली विजेची मोटर लपवतात. तिचा वेग दाती चाकांनी कमी करावा, नाहीतर चक्कीचा पंखा होतो. आणि तिला वेगळी कळ ठेवावी. गाडी चालू असतानाही चक्कीला थांबता यावे.

हा आग्रह का? यंत्राला आपला जोर आवरण्याची सोय १८५४ साली मिळाली. त्याच देशात गाडी चालवणाऱ्या रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस कायद्याने मिळाला १९१६ साली, आणि तोही संपाची हाक दिल्यावर!